दोकचिलचे बूट

१

हेरिमच्या खोलीत एक पलंग होता, एक टेबल होतं, टेबलावर संगणक आणि माइक, टेबलापुढे खुर्ची. झालं, संपलं सामान. ओट्यावर एक पातेलं, एक वाडगा, एक चमचा आणि चॉपस्टिकची एक जोडी. कपाट नाही, पडदा नाही, भिंतीवर साधं कॅलेंडरसुद्धा नाही. पहिल्यांदा येणारा माणूस हमखास विचारायचा, "सामान कधी येणारेय?" आणि हेरिम मोठ्या ऐटीत सांगायची, "आलंय की सगळं."

ही ऐट तिने फुकट मिळवली नव्हती. जोन्जू गावात तिच्या आईचं किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, आणि तोंडीलावणी विकायचं दुकान. दुकानामागच्या दोन खोल्यांत आई, तीन बहिणी आणि बरण्याच बरण्या. झोपेत कूस बदलली की कोपर एखाद्या डब्यावर आपटायचं आणि अंधारातून कोणीतरी खेकसायचं. तिशीला टेकेपर्यंत हेरिमला स्वतःची म्हणावी अशी एक भिंत मिळाली नव्हती. मग बोलत्या पुस्तकांसाठी वाचायचं काम मिळालं, तेही घरबसल्या, आणि ती सोलला आली. बोंगचोनच्या चढावरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर ही खोली. रिकामी जागा ही काय चैन असते ते गर्दीत वाढलेल्या माणसालाच विचारावं. सुरुवातीला तर ती जमिनीवर हातपाय पसरून नुसती पडून राहायची आणि एकटीच हसायची.

आईने सोडलं होतं ते एका अटीवर. "काही भानगड झाली, कोणी मागे लागलं, की तडक घरी यायचं. मग माझ्या दुकानात बसायचं आणि मी दाखवेन तो मुलगा बघायचा. कबूल?"

"कबूल गं बाई."

निघताना आईने बूट दिले. पुरुषी, काळे, दणकट, हेरिमची दोन्ही पावलं एकात मावतील एवढे. एकट्या राहणाऱ्या मुली दारात बाप्याचे बूट ठेवतात हे सोलमध्ये कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पार्सलवाला दार उघडल्यावर आधी खाली बघतो, आणि खाली तसले बूट दिसले की त्याची नजर आपोआप सरळ होते. कोऱ्या बुटांनी कोणी फसत नाही, म्हणून आईने ते स्वतःच्या पायांत अडकवून दुकानामागच्या चिखलात यथेच्छ फिरवून आणले होते. पार्सलवर घालायला नावही तिनेच शोधलं. मा दोकचिल.

"आई, खाटकाचं वाटतंय गं."

"वाटू दे की! नाव वाचूनच समोरच्याची तंतरली पाहिजे. आणि हे बघ, बाहेर जाताना मोठ्याने म्हणायचं, येते हं! परत आलीस की म्हणायचं, आले रे! शेजारपाजारच्यांचे कान असतात."

पहिल्यांदा रिकाम्या खोलीला "येते हं" म्हणताना हेरिमला आपल्याला वेड लागलंय असं वाटलं. मग अंगवळणी पडलं. पुढे पुढे तर ती "येते हं दोकचिल, भांडी घासून ठेव" असंही म्हणायची आणि हसत जिना उतरायची. तरी ते बूट तिच्या डोळ्यांत खुपायचेच. अख्ख्या खोलीत बिनकामाची वस्तू काय ती तेवढीच होती.

२

तिच्या कामातलं एकच दुखणं म्हणजे घुमणं. रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो, आणि तो माइकमध्ये शिरला की ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई विहिरीत बसून वाचतेय. म्हणून वाचताना हेरिम पांघरूण डोक्यावरून घ्यायची आणि घामाघूम व्हायची. तिचं काम तपासणारे प्यो साहेब तरीही कुरकुर करायचे. "बाई, एखादं कपाट घ्या हो. एखादा सोफा. तुमची खोली फार बोलते."

थंडी सुरू झाली त्या सुमारास त्यांचा फोन आला. साहेब खुशीत होते.

"घेतलंत वाटतं शेवटी!"

"काय घेतलं?"

"कपाट म्हणा, गालिचा म्हणा. गेल्या दोन प्रकरणांत घुमणं औषधालासुद्धा नाही. आवाज कसा जवळचा येतोय. काय भरलंत खोलीत?"

"काहीच नाही. पांघरूण घेतलं असेल नीट."

"पांघरुणाने एवढा फरक पडत नाही. माझे कान वीस वर्षं हेच करतायत." ते मिस्कीलपणे म्हणाले, "आणि एक सांगू? रागावू नका. तुमचं वाचणंही बदललंय. आधी तुम्ही माइकला वाचायचात. आता समोर बसलेल्या कोणाला तरी वाचून दाखवताय असं वाटतं. चांगलंय! असू दे, असू दे."

फोन ठेवल्यावर हेरिमला आठवलं. त्या दोन प्रकरणांच्या वेळी तिने पांघरूण घेतलंच नव्हतं. उकडतं म्हणून बाजूला ठेवलं होतं आणि साहेब काय म्हणतात ते बघू म्हटलं होतं. तिने खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. आधी ही टाळी चारी भिंतींना लागून परत यायची. आता नुसताच टप्प आवाज झाला आणि विरला.

हवेतली ओल असेल, ती स्वतःशी म्हणाली. थंडीत होतं असं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

३

घरमालकीण काकू सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायच्या. वर्षाची किमची घालायचे दिवस होते आणि इमारतीचा जिना कोबीच्या पानांनी निसरडा झाला होता. हेरिम बाजारातून येत होती, तर काकूंनी तिला वाटेतच गाठलं आणि तिच्या हातात एक गच्च भरलेला डबा कोंबला.

"घे. तुम्हा दोघांना पुरेल. आणि त्याला सांग, काकूंनी आभार मानलेत म्हणून."

"कोणाला?"

"आता माझ्यापासून काय लपवतेस! लग्न केलंत, नाही केलंत, मला काय करायचंय? भाडं वेळेवर येतंय, बास. परवा कोबीचं पोतं खाली पडलेलं आणि माझ्या कमरेचे हे हाल. म्हटलं, अहो, एवढं वर चढवता का? चकार शब्द न बोलता खांद्यावर घेतलंन, दाराशी नेऊन ठेवलंन आणि पुन्हा धावला तुझ्यामागे."

"माझ्यामागे?"

"मग? तू पुढे, तो मागे. भांडला होतात का गं? तो बिचारा एवढा मागून येतोय आणि तू एकदा वळून बघितलं नाहीस. मला नाही हो आवडलं ते."

हेरिम हसली. दुसरं काय करणार? "काकू, तो दुसऱ्या मजल्यावरचा असेल कोणी. दिसायला कसा होता?"

"मी कुठे तोंड बघितलं? पोत्याखाली होतं ना. पाय बघितले. भले थोरले बूट."

खोलीत येऊन हेरिमने डबा ओट्यावर ठेवला आणि सगळीकडे बघितलं. बघायला होतंच काय? पलंगाखाली आरपार दिसत होतं. न्हाणीघर म्हणजे एक माणूस उभा राहील एवढं. या खोलीत मांजर लपू शकलं नसतं, तिथे एवढा बाप्या लपणार कुठे? पण लपायची गरज तरी काय? दाराला आकड्यांचं कुलूप. आकडे ज्याला ठाऊक तो केव्हाही येणार, केव्हाही जाणार. ती नसताना येऊन तिच्या पलंगावर लोळणार, आणि बूट घालून निघून जाणार.

आकडे कोणाला ठाऊक होते? काकूंना. आणि आईला.

आईचा विचार मनात आला आणि हेरिम चिडलीच. हे आईचंच नाटक असलं पाहिजे. दाखवायचा होता ना तिला मुलगा? तोच ठेवला असेल पाळतीवर. पोरगी घाबरेल आणि गाठोडं बांधून घरी येईल! हिच्याशी बोलावं तर सोय नाही, कारण "कोणीतरी मागे लागलंय" एवढं म्हटलं की खोली गेलीच म्हणून समजा. तिने आडून आडून फोन केला.

"आई, तू सोलमध्ये कोणाला माझा पत्ता दिलायस का?"

"मी कशाला देऊ? का? काय झालं? कोणी आलंय का?"

"कोणी नाही. सहज विचारलं."

"हेरिम, खरं सांग."

"अगं काहीच नाही! काकूंनी किमची दिली, तुझी आठवण आली."

"त्यांच्या किमचीत कोळंबी कमी असणार," आई म्हणाली. तिच्या आवाजात काही खोट नव्हती. हेरिमने त्याच संध्याकाळी कुलपाचे आकडे बदलले आणि कोणालाही सांगितले नाहीत. म्हणजे आईला सांगितले. आईला न सांगून कसं चालेल?

४

आकडे बदलूनही टाळी टप्पच वाजत राहिली.

एकदा दाराजवळची जमीन पुसताना तिने ते बूट उचलून बाजूला ठेवले, आणि त्यांचे तळ बघून तिथेच बसली. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजली होती. चिखलाचं सोंग नव्हतं ते. रबराचा कोपरा तिरका घासला गेला होता, पाय जरा फेंगडा टाकणारा माणूस महिनोन्‌महिने चढ-उतार करतो तेव्हा झिजतो तसा. आई तर त्यांत दुकानामागे जेमतेम चार फेऱ्या मारून आली होती.

मग हेरिमने तिला जमेल ती युक्ती केली. संगणकावर स्वतःचंच एक वाचलेलं प्रकरण मोठ्याने लावून ठेवलं, माइक चालू ठेवला, आणि नेहमीप्रमाणे "येते हं!" म्हणून बाहेर पडली. बराच वेळ उगाच बाजारात भटकली. मी नसताना कोण येतो, कधी येतो, ते आता कळेलच. डोळे फसतील, कान नाही फसणार.

परत येऊन तिने खुर्चीत बसून कानांवर हेडफोन चढवले. सुरुवातीला तिचंच वाचणं, कोरडं, जवळचं. मग तिचा "येते हं!" मग दार. या कुलपाची दार लागलं की एक छोटी धून वाजते, ती वाजली. जिन्यावर तिची पावलं. खोलीतलं वाचणं चालूच होतं, तसंच कोरडं, तसंच जवळचं.

मग जमिनीवर काहीतरी घासलं. दार पुन्हा उघडलं. धून पुन्हा वाजली.

आणि वाचणं एकदम घुमायला लागलं. सगळ्या भिंती जाग्या झाल्या, छत जागं झालं, तिचा आवाज चहूकडून परत यायला लागला. हीच ती तिची रिकामी खोली. तिने पुढचं सगळं ऐकलं. कोणी आलं नव्हतं. शेवटी तिचा "आले रे!" ऐकू आला, पाठोपाठ धून, जरा वेळाने तिने सोडलेल्या नळाच्या आवाजाआड पुन्हा धून, आणि घुमणं मिटलं.

हेरिमने हेडफोन काढले, पण मागे वळून बघितलं नाही. बघवेना. ती इतके दिवस उलटाच हिशेब करत बसली होती. आपण नसताना कोणीतरी येतं, असं. तिची खोली रिकामी असायची ती फक्त ती बाहेर गेल्यावर.

कुलपाचे सेल उतरले असतील, म्हणून धून दोनदा वाजत असेल. तिने सेल बदलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच करून बघितलं. या खेपेला परत आल्यावर धून दुसऱ्यांदा वाजेपर्यंत दाराकडे पाठ करून थांबली, आणि मग खाली वाकून त्या बुटांत हात घातला. आत ऊब होती.

५

त्या बुटांत हात घातलेला होता तशीच ती उठली. बूट पिशवीत कोंबले, धावत जिना उतरली, आणि गल्लीच्या तोंडाशी जुने कपडे-चपला टाकायची हिरवी लोखंडी पेटी असते तिच्यात एकेक करून ढकलले. त्या पेटीचं झाकण असं असतं की टाकलेलं परत काढता येत नाही. आत धप्प आवाज झाला तेव्हा हेरिमला रडूच आलं. बरं वाटलं म्हणून आलं.

ती सावकाश वर आली. दारातली फरशी स्वच्छ, मोकळी. तिने "आले रे" म्हटलं नाही. आता कोणाला म्हणायचं? जेवली. मग खात्री करायला म्हणून पुन्हा वाचणं लावलं, माइक चालू केला, तोंडातून अवाक्षर न काढता बाहेर पडली, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आली.

ऐकलं तर धून एकदाच. जाताना एक, येताना एक. हेरिमने डोळे मिटून देवाचे आभार मानले. आणि मग तिच्या लक्षात आलं की ती बाहेर गेल्यावर खोली घुमलीच नाही. तिचं वाचणं पहिल्यापासून शेवटपर्यंत तसंच कोरडं होतं. फक्त एका ठिकाणी, ती गेल्यावर लगेचच, दाराजवळच्या फरशीवर कोणीतरी हात फिरवत असल्यासारखा आवाज होता, आणि तो बराच वेळ चालला होता.

आता खोली कधीच रिकामी नव्हती.

भीतीने माणूस खुळावतो म्हणतात. हेरिमचं डोकं मात्र त्या क्षणी एकदम थंडपणे चालायला लागलं. बूट नाहीत. म्हणजे तो बाहेर पडू शकत नाही. अनवाणी कोण घराबाहेर पाऊल टाकतं? दुकानापर्यंत ती आज एकटी गेली होती, एकटी आली होती. म्हणजे त्याला इथे सोडून जाता येईल. जायलाच पाहिजे, आणि परत यायचं नाही.

तिने जमिनीवर हात टेकला. खालून गरम पाण्याच्या नळांची ऊब येत होती. किती जीव लावला होता तिने या रिकाम्या जमिनीला! दोन बहिणींच्या मधे दाटीवाटीने झोपताना जी जागा स्वप्नात दिसायची ती ही. खोली सोडायची म्हणजे दुकान आलं, आईने शोधलेला मुलगा आला, आणि जन्मभर कोपर डब्यावर आपटून घेणं आलं. चालेल. सगळं चालेल. तिने अंगावरच्या कपड्यांनिशी खोली सोडली आणि रात्री झोपायचीही सोय असलेल्या सार्वजनिक स्नानगृहाच्या गरम फरशीवर, अनोळखी बायकांच्या घोरण्यात पडून राहिली. तिथे जाताना रस्त्यात कितीदा तरी मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं. तिथूनच आईला फोन केला.

"आई, मी घरी येतेय. उद्याच. कायमची."

"कोणी मागे लागलंय?"

"नाही गं. एकटीला कंटाळा आला."

"हात्तिच्या! मग रडतेस काय? ये की!" आईच्या आवाजाला आनंदाने कंप सुटला होता. "मी बटाट्याच्या वड्या करते. येताना दार नीट लाव. आणि दारात बूट ठेव गं. खोली सोडून दिली नाहीस तोवर तुझं संगणक-बिंगणक आहे तिथे. रिकामी आहे हे कळायला नको कोणाला."

"बूट टाकले मी."

"टाकले? धड होते ते! शहाणीच आहेस. आता काय करावं हिला?"

"आई, झोपते मी," म्हणून हेरिमने फोन ठेवला. तिला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

६

खोलीवर परत जाणं भाग होतं ते फक्त संगणकासाठी. जोन्जूला गेल्यावरही पोट त्याच्यावरच होतं. लख्ख ऊन पडलं होतं, जिन्यात काकूंचा रेडिओ ऐकू येत होता. आत जायचं, तारा काढायच्या, पिशवीत भरायचं आणि कुठेही न बघता बाहेर. तिने मनाशी तालीम करत तिसरा मजला गाठला, आणि तिचे पाय जागच्या जागी थांबले.

तिचं दार अर्धं उघडं होतं. दाराला टेकण म्हणून एक ओळखीची फुलाफुलांची पिशवी लावलेली होती.

"आलीस?" आई म्हणाली. "कुठे होतीस गं सकाळी सकाळी? म्हटलं, एकटी कशी येशील एवढं सामान घेऊन, मीच जाते. पहिलीच बस पकडली. सामान बघते तर हे एवढंसं! याच्यासाठी धडपडत आले होय मी!"

आई दारातल्या त्या अरुंद फरशीवर उकिडवी बसली होती. तोंड दाराकडे, पाठ खोलीकडे. वरचा दिवा कोणी हललं की आपोआप लागतो, तो लागलेला होता. आई वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी सोडवत होती.

"आई, बाहेर ये," हेरिम म्हणाली.

"अगं थांब जरा. हे बघ, काल तू म्हणालीस म्हणून रात्री दुकानं बंद व्हायच्या आत धावत जाऊन घेतले. तू नसताना दारात काहीतरी नको का? आपण निघालो की..."

"आई, ते ठेवू नकोस! बाहेर ये!"

पण आईने ते ठेवलेसुद्धा. काळे, थोरले, नवे कोरे बूट. पाहुणा निघताना आपण त्याची पादत्राणं वळवून ठेवतो, तसे तिने ते सवयीने टोकं दाराकडे करून नीट जोडीने ठेवले.

आणि आईच्या खांद्यामागे, फरशी संपून खोलीची जमीन सुरू होते त्या पायरीच्या कडेवर, हेरिमला दोन पावलं दिसली. मोठी, अनवाणी, पांढुरकी. बोटं कडेच्या बाहेर आलेली. डावं पाऊल जरा फेंगडं. घोट्याच्या वर आईचं डोकं आणि तिचा कोट आड येत होता, त्यामुळे वरचं काही दिसलं नाही. ती पावलं कशासाठी तरी खोळंबून उभी होती, आणि हेरिम बघत असतानाच उजव्या पायाचा अंगठा हलकेच वर उचलला गेला.

आई बुटांची नाडी सारखी करून त्यांच्याकडे बघत निश्चल बसली होती. वरचा दिवा विझला.

"या दिव्याचं काय मेलं," म्हणत आई उठली. दिवा लागला. पायरीवर कोणी नव्हतं. खाली ते बूट होते, तिथेच, तसेच. फक्त नवं कातडं वाजावं तसा करकर आवाज झाला, आधी एका बुटातून आणि मग दुसऱ्यातून.

७

"चल, घे तो संगणक," आई म्हणाली. "दुपारची बस गाठू. मधलीने तुझ्यासाठी जागा केलीय. आधी कुरकुरली, मग स्वतःच बरण्या हलवल्यान."

हेरिम बाहेरच, जिन्यात उभी होती. तिला जायचं होतं. आयुष्यात कधी कशासाठी तिचा जीव एवढा तुटला नव्हता. त्या दोन खोल्या, ते मिरचीचे डोळे झोंबवणारे वास, मधलीचं खेकसणं, आईचं अंगावरून पांघरूण ओढणं, सगळं तिला हवं होतं. तिने आईकडे बघितलं आणि मग खाली त्या बुटांकडे. त्यांची टोकं तिच्याचकडे होती.

रात्री तिकडे चौघी जणी ओळीने, एकमेकींना चिकटून झोपतात. दार नुसतं ओढून घेतलेलं असतं.

"आई, मी येत नाही."

"काय?"

"विचार बदलला माझा. मला इथे बरं वाटतं."

आई हसली. मग तिला कळलं की पोरगी चेष्टा करत नाहीये. "काल रात्री फोनवर रडत होतीस ती तूच ना? पहिल्या बसने आले मी, दुकान बंद ठेवून! चेहरा बघ तुझा, प्रेतासारखा झालाय. काय लपवतेस? कोण आहे? सांग मला!"

"कोणी नाही. मला एकटीला राहायचंय."

"आम्ही नकोशा झालो तुला. तेच ना? त्या घराची, त्या वासाची लाज वाटते तुला."

"हो," हेरिम म्हणाली. दुसरं काहीही म्हटलं असतं तर आई तिथून हलली नसती. "हो, वाटते."

आईने पिशवी उचलली. आत आणलेले डबे ओट्यावर तसेच राहिले. हेरिम तिच्या बाजूने अंग चोरून आत गेली आणि पायरीवर चढून उभी राहिली, बुटांच्या मागे. आई बाहेर, ती आत. हे नीट जमलं म्हणून तिला हायसं वाटलं.

"बसपर्यंत तरी येशील का?" आईने विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

"नको."

"कोपऱ्यापर्यंत?"

हेरिमने नकारार्थी मान हलवली. आईने क्षणभर वाट बघितली, आणि मग ती जिना उतरायला लागली. दुखऱ्या गुडघ्यामुळे ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होती. हेरिम तिची पावलं ऐकत राहिली. एकाच माणसाची होती. तिने पुन्हा पुन्हा कान देऊन खात्री करून घेतली. बूट जागेवर होते.

अगदी खालून, रस्त्यावर पाऊल टाकण्याआधी, आईचा आवाज आला. रडवेला, संतापलेला, सगळ्या जिन्यात भरून वर येणारा.

"राहा मग एकटी!"

"हो आई," हेरिम पुटपुटली आणि दार लावून घेतलं.